जुनी जीप : घेताना, जोडताना, जपताना

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तेव्हा तिथला गाढवांचा बाजार पाहायला लांबलांबून माणसे येतात. या बाजारात जनावर घेणारा माणूस रंगाकडे फारसे बघत नाही. तो तोंड उघडून दात बघतो, पाय उचलून बघतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच किमतीचे बोलतो. जुनी जीप घ्यायला निघालेल्याने आधी या बाजारात एक फेरी मारावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारण जुन्या जीपची हौस असलेले आपल्याकडचे बरेचसे लोक रंग बघून पैसे मोजतात.

माझ्या एका स्नेह्याने असेच केले. ‘दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप’ म्हणून त्याने एक गाडी घेतली. रंग लष्करी हिरवा, बॉनेटवर पांढरा तारा, मागे पत्र्याचा डबा लटकवलेला. विकणाऱ्याने सांगितले होते की गाडी नगरच्या लष्करी लिलावातून आलेली आहे. गाडी गावात आल्यावर त्याने ती एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. मिस्त्रींनी इंजिन सुरू करायलाही सांगितले नाही. बॉनेटवर हात ठेवून ते एवढेच म्हणाले, “भाऊ, ही लढाईतली नाय. हिचं बॉनेट उंच हाय.”

स्नेह्याचा चेहरा पडला. पण मिस्त्रींचे ते वाक्य समजून घेतले की जीपचा निम्मा इतिहास समजतो, आणि आपली फसवणूक नेमकी कुठे झाली तेही कळते.

बॉनेट उंच का?

१९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी तातडीने हवी होती. पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांची मुदत स्वीकारली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी सैन्याच्या हवाली झाली. पण एवढ्या मोठ्या मागणीला बँटम पुरी पडणारी नव्हती. टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँड कंपनीचे इंजिन जास्त दमदार होते, म्हणून मोठे कंत्राट तिला मिळाले. पुढे त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. विलीजची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

या युद्धकालीन जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचे दोन्ही झडपांचे संच, म्हणजे हवा-इंधन आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या शेजारी खाली ब्लॉकमध्ये बसवलेले असत. त्यामुळे इंजिन बुटके आणि बॉनेटही खाली, सपाट.

युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी आणि नागरी वापरासाठी जीप काढली. तिच्या मॉडेलांना ‘सीजे’ ही अक्षरे मिळाली. १९५३ च्या सुमारास ‘सीजे-३बी’ आली. तिच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झाले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले. मिस्त्रींचा हात त्या उचललेल्या बॉनेटवर होता. युद्ध १९४५ साली संपले. उंच बॉनेटची गाडी त्या युद्धात असणे शक्यच नाही.

आणखी काही खुणा डोळ्यांनी ओळखता येतात. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी जीपला सात आणि दिवे मोठे. युद्धातल्या जीपला मागे उघडणारे फळके नसते, नागरी जीपला असते. विलीजच्या चासीचा सर्वांत पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, तर फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा चौकोनी. फोर्डने तर लहानसहान भागांवर आणि बोल्टांवरही आपले इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवले होते. जाळी आणि फळके बदलता येतात, पण चासीचा तो दांडा सहसा कोणी बदलत नाही. म्हणून आधी गुडघ्यावर बसून खाली बघावे आणि मग उभे राहून वर.

मुंबईची जीप

मग स्नेह्याची जीप होती कोणती? ती होती मुंबईची. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलीजकडून सुट्या भागांच्या रूपात आलेल्या पहिल्या खेपेत ७५ गाड्या होत्या. माझगावात त्यांची जोडणी सुरू झाली आणि १९४९ साली भारतात जोडलेली विलीज जीप बाहेर पडली. १९५४ पासून विलीजच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवायला सुरुवात झाली. उंच बॉनेटची जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र तिचे वंशज त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिले.

आता ‘नगरच्या लष्करी लिलावा’ची गोष्ट. ही थाप आपल्याकडे सहज पचते, त्यालाही कारण आहे. पाथर्डीपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले नगर म्हणजे आजचे अहिल्यानगर हे रणगाड्यांचे शहर. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई तिथे, आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही तिथेच. या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती मोटारसुद्धा पाहायला मिळते. अशा शहराच्या छायेत राहणाऱ्याला कोणतीही हिरवी गाडी लष्करातली वाटते. लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्या खरोखर बाजारात येतात, हेही खरे. निस्सानच्या पेट्रोल नावाच्या गाडीवरून जबलपूरला बनलेली ‘जोंगा’ ही त्यातली ओळखीची. तिचे सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन पाहिले की ती जीप नव्हे हे लगेच कळते. पण लिलावातून आलेल्या गाडीबरोबर लिलावाचा कागद आलेला असतो. कागद नसेल तर ती नुसती गोष्ट.

आधी पाहणी, मग पैसे

जुन्या जीप न पाहता घेतल्या तर काय होते, याचा धडा आपल्या देशाने फार लवकर घेतला आहे. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी एका परदेशी कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार केला. मोठी रक्कम आगाऊ दिली गेली. प्रत्यक्षात १५५ जीप येऊन पोहोचल्या आणि त्या वापरण्याच्या लायकीच्या नाहीत असे आढळले. संसदेत गदारोळ झाला. १९५५ साली सरकारने प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून ‘जीप प्रकरणा’चे नाव आजही घेतले जाते. सरकारचे जिथे असे झाले, तिथे विसार देऊन फोटोवर गाडी घेणाऱ्याची काय कथा!

पाहणी करताना क्रम असा ठेवावा.

पहिली चासी. छोट्या हातोडीने तिच्यावर हलके ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते, आतून गंजलेले बद्द वाजते. मागचा आडवा दांडा, पाट्यांच्या कड्या बसतात त्या जागा आणि बॉडीचे बोल्ट जिथे घट्ट होतात त्या जागा विशेष पाहाव्यात. जागोजागी वेल्डिंगचे थिगळ दिसले, तर गाडी कितीही चकाकत असो, तिथून उठावे.

दुसरी चाल. मोकळ्या रानात पुढचा एक्सल जोडून, लो गिअर टाकून गाडी चढावर न्यावी. लिव्हर आपोआप उडून बाहेर येत असेल, तर ट्रान्स्फर केसचे दात झिजलेले आहेत. पुढच्या चाकांच्या गुडघ्यातून ग्रीस-तेल गळते का, स्टिअरिंग किती मोकळे फिरते, हे त्याच वेळी कळते.

तिसरे इंजिन. ते गार असताना सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर संध्याकाळी पुन्हा यावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेतला तर अंदाजावर राहावे लागत नाही.

चौथा पत्रा आणि रंग. तो शेवटी पाहावा, कारण चांगला डेंटर मिळाला की पत्रा होतो. वाकलेली चासी आणि खोटा कागद मात्र कोणी सरळ करून देत नाही.

कागदाची चासी

जुन्या जीपच्या व्यवहारात लोखंडाच्या चासीइतकीच कागदाची चासी महत्त्वाची. आरसी पुस्तकातला चासी क्रमांक आणि चासीवर ठोकलेला क्रमांक स्वतः पुसून, उजेडात, अक्षर न् अक्षर जुळवावा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली नव्या बॉडीच्या, हौसेने सजवलेल्या जीपसाठी प्रसिद्ध आहे. नवी बॉडी, दुसऱ्याच गाडीचे इंजिन आणि तिसऱ्याच गाडीची आरसी अशी जोडगाडी कुठूनही आपल्या दारात येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी हात वर करते, आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर येते.

दुसरी गोष्ट रंगाची. स्नेह्याला अभिमान वाटत होता तो ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तो इतर वाहनांना मना करतो. म्हणजे ज्या रंगामुळे गाडीची किंमत वाढली होती, तोच रंग बेकायदा होता.

तिसरी गोष्ट ‘व्हिंटेज’ या शब्दाची. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, आणि मुदत १० वर्षे. पण ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

म्हणून गाडी घेण्याआधी मनाशी ठरवावे, की आपल्याला ती कशासाठी हवी आहे. मळ्यात जायला, मोहट्याच्या दर्शनाला न्यायला हवी असेल तर नेहमीची नोंदणी चालू असलेली, फिटनेस निघू शकणारी गाडी घ्यावी. नोंदणीची १५ वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती पुढे चालू ठेवता येते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. जपून ठेवायची असेल तर मूळ इंजिन-बॉडी असलेली शोधावी. दोन्ही हौशी एकाच गाडीत भागवायच्या म्हटले की नियम आडवा येतो.

हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा

स्नेह्याने गाडी परत करायचा प्रयत्न केला. विकणाऱ्याचा फोन लागेना. आरसी आणि चासीचा क्रमांक मात्र सुदैवाने जुळत होता. मग मिस्त्रींनीच सुचवले, की आता घेतलीच आहे तर नीट करू.

मिस्त्रींनी पहिल्यांदा काम काढले ते ब्रेकचे. या जुन्या जीपना चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाची एकच वाट असते. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. नगरहून येताना करंजीचा घाट उतरून यायचे असेल तर रंग, हूड, शिंग यांच्या आधी मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि नळ्या नव्या करायच्या, हा त्यांचा दंडक. त्यानंतर स्टिअरिंग, मग पाटे, मग वायरिंग. इंजिन शेवटून दुसरे, आणि रंग अगदी शेवटी.

खोलताना त्यांनी प्रत्येक भागाचा आधी फोटो काढायला लावला. नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. जुना भाग निरुपयोगी झाला तरी नवा बसेपर्यंत फेकायचा नाही, कारण लेथवाल्याला माप त्याच्यावरूनच द्यायचे असते. रंग काढायला वाळूचा जोरदार फवारा वापरू दिला नाही; पातळ पत्रा त्याने तापून वाकतो आणि ठोकलेले क्रमांकही झिजतात. डॅशबोर्डखालचा रंग त्यांनी हाताने, पाणी लावून, सावकाश घासायला सांगितला.

तिथे गाडीचे खरे वय निघाले. हिरव्याखाली पिवळा आणि काळा रंग होता. ही जीप कधीकाळी काळी-पिवळी म्हणून प्रवासी वाहतुकीला होती. पिवळ्याखाली पांढरा होता. आणि दाराच्या कडेला, पांढऱ्यावर, पुसट देवनागरी अक्षरे होती. पूर्ण वाचता येत नव्हती, पण ‘…यत समिती’ एवढे स्पष्ट होते.

स्नेह्याने आरसी पुस्तकाची मागची पाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. पहिली नोंद सरकारी, दुसरी खासगी, तिसरी प्रवासी परवान्याची, आणि मध्येच कुठेतरी पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल बसल्याची नोंद. ही साधी चार ओळींची माहिती आपल्या तालुक्याचाच इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यांत शिरली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात खडी फोडण्याची, पाझर तलावांची कामे निघाली, तेव्हा कामावरच्या माणसांना लांबून धुरळा दिसला की कळायचे, साहेबांची जीप आली. हजेरी, मजुरी, धान्य सगळे त्या धुरळ्यामागून यायचे. पुढे या सरकारी जीप निर्लेखित होऊन लिलावात गेल्या. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांच्यात डिझेल इंजिने बसली. एसटी जात नाही तिथे या जीप जाऊ लागल्या. यात्रेकरू, बाजारकरू, शाळेची पोरे, अडलेली बाळंतीण असे सगळे त्यांनी वाहिले.

दार्जिलिंगजवळच्या माने भंज्यांग गावात १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या आजही संदकफूच्या चढावर प्रवासी नेतात, आणि जगभरातून लोक त्या पाहायला येतात, त्या तिथल्या आहेत म्हणूनच. आपण मात्र आपल्या गावच्या जीपवर अमेरिकेचा तारा काढतो. हिरव्या रंगाचा खरा तोटा हाच आहे. तो पैशाची फसवणूक तर करतोच, शिवाय आपल्याकडे घडलेले पुसून दुसरीकडे घडलेले लिहितो.

मग काय केले?

स्नेह्यापुढे पेच उभा राहिला. गाडी ५० वर्षांहून जुनी होती, पण इंजिन बदललेले. ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी तर मूळ प्रकारचे पेट्रोल इंजिन शोधून बसवायचे, त्याची नोंद करून घ्यायची, आणि तरीही तपासणीत ती मान्य होईलच असे नाही. इंजिन मिळालेच तर मोठा खर्च, शिवाय गाडी रोजची राहणार नाही. आणि डिझेल इंजिन काढणे म्हणजे काळ्या-पिवळीची वर्षेच काढून टाकणे.

त्याने डिझेल इंजिन राहू दिले. ते आरसीत नोंदलेले होते, त्यामुळे अडचण नव्हती. हिरवा रंग पूर्ण काढला आणि आरसीत असलेलाच पांढरा दिला. डॅशबोर्डखालची हातभर जागा मात्र तशीच ठेवली. तिथे तिन्ही रंगांचे थर आणि ती अक्षरे वर पातळ वॉर्निश मारून राखली आहेत. व्हिंटेज रॅलीत या गाडीला स्थान नाही, आणि विकायची म्हटली तर ‘महायुद्धाची’ किंमत येणार नाही. त्याने घातलेले पैसे परत निघणार नाहीत, हे तोही मान्य करतो.

आता गाडी चालू आहे. तिच्या खणात एक वही आहे. आरसीच्या झेरॉक्स, खोलतानाचे फोटो, कोणता भाग कधी बदलला याची यादी त्या वहीत आहे. पहिल्या पानावर त्याने ‘चालक’ असे लिहून खाली जागा सोडली आहे. पंचायत समितीत असताना ही जीप कोण चालवत होते, हे तो अजून शोधतो आहे. तुमच्या गावात अशी एखादी जीप गोठ्यामागे उभी असेल, तर रंगाचा डबा आणण्याआधी तिच्या जुन्या चालकाच्या घरी जाऊन या. पत्रा आणखी काही वर्षे तग धरेल, ती माणसे मात्र आता ऐंशीच्या घरात आहेत.